यजमान घरी आहेत का?

पुण्याचा इतिहास शनिवारवाड्यापासून सांगावयाची पद्धत आहे. माझ्या मते तो बिऱ्हाडांपासून सांगावा. शिकावयास आलेला विद्यार्थी, नोकरीसाठी आलेला कारकून, पेन्शनीत निघालेला मामलेदार, या सर्वांना या शहराने आधी एक खोली दिली आणि मग पाण्याच्या वेळा सांगितल्या. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे होती. आज त्याच पेठेत स्पर्धा परीक्षांना बसणारी खेड्यापाड्यांतली मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात, म्हणजे खोलीसुद्धा नव्हे, नुसती खाट! आणि पंढरीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत व तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा घरोघरी वारकरी उतरतात. तेथे भाड्याची गोष्टच निघत नाही.

रात्रीच्या हिशेबाने घर देण्याची चालही येथे अगदीच नवी नाही. १९७४ साली कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला, आणि वडांच्या सावलीतल्या त्या शांत बंगल्यांच्या खोल्यांना परदेशी पाहुणे मिळू लागले. परंतु त्या खोल्यांच्या पलीकडच्या बाजूस बहुधा मालक राहत असे. आता पाहुणा फोनवर पैसे भरतो, दाराच्या कुलपावर आकडे दाबतो आणि आत जातो. मालक दुसऱ्या गावी असला तरी कोणाचे अडत नाही.

हे सारे मी शोधीत बसण्याचे कारण असे की, वाडा पाडून इमारत झाली आणि आमच्या वाट्याला थोडी रक्कम आली. मुलगी बारावीत आहे. तिच्या पुढच्या शिक्षणाची सारी भिस्त तीवरच. आमचे मेहुणे हिशेबात पक्के. ते म्हणाले, “भाऊजी, मुदतठेवीत पैसा कुजतो. विमाननगरला पंचाहत्तर लाखांत जागा आहे. साठ लाख कर्ज काढा. रात्रीला ३,००० रुपये, महिन्याला २५ रात्री. करा गुणाकार!”

गुणाकार ७५,००० झाला. सौभाग्यवतींनी मात्र कागद उलटा केला आणि मागच्या बाजूस लिहावयास घेतले. पाहुणे येणार ते शुक्रवार-शनिवारी आणि लग्नसराईत. तेव्हा रात्री बारा धरा. म्हणजे झाले ३६,०००. त्यातून गिऱ्हाईक आणून देणाऱ्याची दलाली, धोबी, झाडलोट, वीज आणि फुटलेल्या कपबश्या वजा करा. साठ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी सुमारे ५२,००० रुपये! शिवाय स्वतः राहणाऱ्या घरमालकास पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते; घर भाड्याने दिले की ती जाते.

तरीही जागा पाहावी म्हणून आम्ही गेलो. इमारत देखणी होती. त्याच मजल्यावर अशीच एक जागा आधीपासून चालू होती. लिफ्टपाशी एक आजी नातीचा हात धरून उभ्या होत्या. आम्ही विचारण्याआधीच म्हणाल्या, “तुम्हीही रोजच्या पाहुण्यांसाठी घेताय का हो? काल कोण होतं, आज कोण आहे, काही कळत नाही. हिला आता मी खाली खेळायला एकटीला सोडत नाही.” मेहुणे गप्प राहिले. मीही राहिलो.

आता कायद्याचे काय? जुन्या १९४७ च्या भाडेकायद्याच्या नावातच हॉटेल व निवासगृहांचे दर होते. त्याच कायद्यातील दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहणारे लोक भाडेकरू ठरले, आणि पुण्यातील कित्येक मालकांनी रिकाम्या खोल्यांना कुलपे घालणे पसंत केले. १९९९ च्या नव्या कायद्याने परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा असे बंधन घातले. ते अकरा महिने राहणाऱ्यासाठी ठीक आहे. दोन रात्रींच्या पाहुण्याला ते कसे लावावयाचे? परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत सरकारला कळवावे लागते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी याच कोरेगाव पार्काच्या परिसरात जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ माणसे गेली. तेव्हापासून रात्री कोण कोठे उतरला आहे याची नोंद का हवी, हे पुणेकराला समजावून सांगावे लागत नाही.

परदेशांतही हाच तंटा आहे. न्यूयॉर्कने २०२३ च्या सप्टेंबरापासून तीस दिवसांहून कमी मुदतीचा पाहुणा ठेवावयाचा तर मालकाने त्याच घरात हजर असावे असा नियम कडकपणे अमलात आणला. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केले की, पर्यटकांना देण्याच्या दहा हजारांहून अधिक घरांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपवावयाचे. कारण गावच्या लोकांना राहावयास घरे मिळेनाशी झाली. आपल्या केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेतही खोल्या एक ते सहा आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात, अशी अट आहे.

मराठीच्या अध्यापकाला येथे शब्द आठवल्यावाचून राहत नाहीत. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे जुने पंडित सांगत. आजचा अतिथी तारीख आणि तास ठरवून येतो. बेपत्ता असतो तो यजमान. आणि ‘यजमान घरी आहेत का?’ हा आपल्याकडे दारात उभा राहून विचारावयाचा साधा प्रश्नच न्यूयॉर्कपासून दिल्लीपर्यंतचे नियम विचारीत आहेत.

वाचकांपैकी कोणी असा व्यवहार करू म्हणत असेल, तर बयाणा देण्यापूर्वी सोसायटीच्या सभेचे ठराव वाचावेत, पाऊसकाळातल्या रिकाम्या महिन्यांचा हप्ता कोठून भरावयाचा ते ठरवावे, आणि रात्री दोन वाजता शेजाऱ्याची तक्रार आली तर उठून कोण जाणार, याचे उत्तर घरातच शोधावे. आम्हाला तिसऱ्याचे उत्तर सापडले नाही. आम्ही कर्ज काढले नाही. मुलीची रक्कम मुदतठेवीत आहे, आणि वाड्याच्या जागी मिळालेल्या आमच्या घरातली मागची खोली येत्या महिन्यापासून दोन विद्यार्थिनींना दिली आहे. करार नोंदवला आहे. पाण्याच्या वेळा सौभाग्यवतींनी सांगितल्या आहेत.