मेलेल्या माशाचा पंचनामा

मासा मेला की माणसं आधी मासा काढतात, मग पाणी उपसतात, टाकी घासून लख्ख करतात आणि मग मला फोन करतात. म्हसवडात पाणी गटारात कुणी सोडत नाही, ते नारळाच्या आळ्यात जातं. म्हणजे मी पोचेपर्यंत पुरावा जमिनीत मुरलेला असतो.

माशांच्या टाक्या बसवून देणं आणि त्या चालत्या ठेवणं हा माझा धंदा. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथं शोभेचे मासे कसले पाळता, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. विचारू देत. या धंद्याला लागणारं शिक्षण मात्र अशाच गावात मिळतं. नळाला आलं तर नगरपालिकेचं पाणी, नाही आलं तर बोअरचं, मार्चनंतर टँकरचं आणि अलीकडं घरोघरी वीस लिटरचा जार. एकाच टाकीत वर्षभरात हे सगळं पाणी पडतं. माझ्याकडं येणारी मरणं बहुतेक एका पाण्यावरून दुसऱ्यावर जाताना झालेली असतात.

मेलेल्या माशाकडं मी फारसं बघत नाही. माणदेशातल्या उन्हात तो लवकर खराब होतो, कल्ल्यांचा रंग उतरतो आणि मग त्याच्यावरून काहीही सिद्ध करता येतं. बघायचं ते मागं राहिलेल्यांकडं. गुरामीला कल्ल्यांखेरीज डोक्यात एक जास्तीचा अवयव असतो, ती वर येऊन थेट हवा घेते. गोल्डफिश मेलेत आणि गुरामी खुशाल फिरतेय असं दिसलं की मी विचारतो, रात्री लाइट किती वेळ गेली होती? २० अंशाला लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. मे महिन्यात पंप बंद पडला तर मोठ्या माशांना पहाटेपर्यंत तेवढा पुरत नाही.

गुरामीही गेली असेल तर चौकशी वेगळी. मग मी टाकी सोडून खोली बघतो. डास मारायचं लिक्विड भिंतीच्या प्लगला लावलेलं आणि त्याच्याच खाली हवेचा पंप, ही जोडी मी कितीतरी घरांत बघितली आहे. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि त्या लिक्विडमधली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माणसाला सोसतात, माशाला सोसत नाहीत. आटपाडी, दिघंचीकडच्या डाळिंबवाल्यांच्या घरी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : फवारणीची बादली आणि टाकीची बादली एकच आहे का? बागेत बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं. आमच्याकडच्या क्षारांच्या पाण्यात मासे थोडं तांबं सोसतात, गोगलगाय सोसत नाही. मासे जिवंत आणि काचेवरच्या गोगलगायी तळाला पडलेल्या, असं दिसलं की मी बादली मागवतो.

एका घरची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. लग्नसराईत फोन आला. ‘दादा, सगळे मासे गेले. बोअरचं पाणी घातलं आणि तासाभरात गेले.’ घरातल्या सगळ्यांचा निकाल लागलेला होता : बोअरचं पाणी विषारी. शेजारच्या दुकानदाराने औषधही दिलं होतं, तेच नेहमीचं निळं. आमच्या धंद्यात कुठल्याही मरणावर मेथिलीन ब्लू देतात. ते बुरशीवर चांगलं काम करतं, पण फिल्टरमध्ये घाण पचवणारे जिवाणूही त्याने मरतात. त्यामुळं रोग नसलेल्या टाकीत ते ओतलं की दुसरं संकट तयार होतं.

मला बोअरचा संशय पटत नव्हता, कारण त्याच बोअरवरच्या हौदात आरोग्य खात्याने डासांसाठी सोडलेले गप्पी पिढ्यान्‌पिढ्या वाढत होते. विचारत गेल्यावर कळलं, टाकीला कायम जारचं पाणी. ‘माशांना चांगलं पाणी द्यायचं’ म्हणून. लग्नामुळं जारवाला आला नाही, म्हणून त्या दिवशी निम्मं पाणी काढून बोअरचं भरलं. आणि काढलेलं पाणी? ते कुंड्यांसाठी बादलीत ठेवलेलं होतं. देवच पावला.

बादलीतल्या पाण्याचा पीएच सहाच्या आसपास निघाला आणि अमोनियाच्या चाचणीत नळी गर्द हिरवी झाली. एवढ्या अमोनियात मासे जगले कसे? त्याचं उत्तर पीएचमध्ये आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जवळजवळ निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरा विषारी अमोनिया. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी वाटा जेमतेम अर्धा टक्का. पीएच ८ झाला की तो ५ टक्के होतो, साडेआठला १५ टक्क्यांच्या घरात जातो. चाचणी दोन्ही एकत्र मोजते, म्हणून पीएच न बघता नुसता अमोनिया मोजण्याला अर्थ नाही.

जारचं पाणी आरओचं. त्यात क्षार नसतात, आणि आम्लता अडवून धरणारे बायकार्बोनेटही जवळपास नसतात. माशांची घाण पचवताना जिवाणू आम्ल तयार करतात. ते अडवायला काही नाही, म्हणून पीएच उतरत जातो. साडेसहाच्या खाली जिवाणूही सुस्तावतात आणि घाण साठू लागते, पण अमोनियमच्या रूपात. टाकी महिनोन्‌महिने वरून छान दिसते. बोअरचं पाणी पडलं, पीएच एकदम आठाच्या वर गेला आणि साठलेलं अमोनियम विष झालं. बोअरने फक्त काडी लावली, दारू जारने भरून ठेवली होती. घरच्यांना हे पटायला वेळ लागला. महागाचं पाणी दोषी आणि फुकटचं निर्दोष, हे कुणालाच लवकर पटत नाही.

बोअरचीही एक खोड आहे, ती सांगायला हवी. जमिनीतून नुकतंच आलेलं पाणी कार्बन डायऑक्साइडने भरलेलं आणि ऑक्सिजनला उपाशी असतं. उपसल्याबरोबर मोजलं तर पीएच कमी दिसतो, रात्रभर हवा सोडून सकाळी मोजला तर वर गेलेला असतो. सकाळचा आकडा खरा.

हीच विचारण्याची पद्धत न्यू जर्सीत कामाला आली. माझा भाचा तिथं खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी ठेवतो. आपल्याकडं दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. घरात ठेवणं गुन्हा. मी ते बघितले ते मालवणला, पाण्यात तोंड घालून. भाच्याचे प्रवाळ बुंध्याकडून पांढरे होत चालले होते. ‘मामा, अमोनिया शून्य, नायट्रेट कमी, क्षारता ८, तापमान २५. सगळं बरोबर आहे आणि मरतायत.’

मी पहिलं विचारलं, पांढऱ्या भागावर पारदर्शक मांस आहे की नुसता सांगाडा? मांस शिल्लक असतं तर ऊन किंवा उष्णता म्हटलं असतं. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न पुरवतं, पाणी तापलं की ते निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो, पण काही काळ जिवंत असतो. समुद्रात १९९८ आणि २०१६ साली तसंच झालं. इथं नुसता सांगाडा होता. दुसरं विचारलं, मासे? ठणठणीत. तिसरं, गोगलगायी? ‘त्या खाली पडतायत, वय झालं असेल.’

मासे ठणठणीत आणि गोगलगायी खाली. दिघंचीच्या बादलीची आठवण झाली. मी म्हटलं, टाकीत धातू शोध. त्याने हीटर बघितला, पंप बघितला, पाइपच्या चिमट्या बघितल्या. शेवटी काच पुसायचं चुंबक सापडलं, त्याच्या प्लास्टिकला चीर गेली होती आणि आत गंज. असल्या चुंबकांवर निकेल आणि तांब्याचा मुलामा असतो. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तिथं दोन्ही धातू निघाले. घरगुती चाचण्यांच्या पेटीत धातूंची नळीच नव्हती. सगळं बरोबर आहे, म्हणजे जे मोजलं तेवढं बरोबर आहे. चुंबक काढलं, कोळसा घातला, पाणी थोडं थोडं बदललं. काही प्रवाळ वाचले, काही गेले.

तेव्हा मासा मेला तर आधी एक स्वच्छ बाटली टाकीच्या पाण्याने काठोकाठ भरून बूच लावा. कोण जगलंय ते बघून ठेवा, गेल्या आठवड्यात घरात काय नवीन आलं ते आठवा. औषध आणू नका. मग फोन करा, आणि नारळाला पाणी मी येऊन गेल्यावर घाला.