आरसे आणि जुन्या आवृत्त्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ धर्मगुरूंच्या पुतण्याने पुठ्ठ्याची एक पेटी माझ्या हवाली केली. तीत पाच फ्लॉपी आणि एक वही होती. वसईतील वृद्ध स्त्रियांकडून टिपून घेतलेली लग्नगीते फादरांनी १९९२-९३ साली, युरोपात शिकत असताना, संगणकावर उतरवली होती. त्या स्त्रियांपैकी आज एकही हयात नाही.

धर्मग्रामातील एका तरुण अभियंत्याने चार फ्लॉपी कशाबशा वाचल्या. पडद्यावर उमटले ते रोमन अक्षरांचे कडबोळे. मध्येच ठिपके, मध्येच महिरपी कंस. "फादर, फाइल बिघडली आहे," तो म्हणाला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि मोठ्याने वाचू लागलो. ती मराठी होती. ख्रिस्तपुराणाच्या रोमन पोथीवर ज्याने डोळे शिणवले आहेत, त्याला हे नवल वाटू नये.

वहीत ‘टेक’ हा शब्द होता, त्यावरून पुढचा माग लागला. आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहून खट्टू झालेल्या डोनाल्ड नूथ या गणितज्ञाने १९७७ साली अक्षरजुळणीची ही प्रणाली रचण्यास आरंभ केला आणि ती जगाला विनामूल्य दिली. (हेच गृहस्थ बायबलमधील पुस्तकांच्या तिसऱ्या अध्यायातील सोळाव्या ओवीवर एक सुंदर ग्रंथ लिहून बसले आहेत.) १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी तिला देवनागरीची जोड दिली: रोमन अक्षरांत टंकावे, कागदावर नागरी उमटावी. फादरांनी तीच वापरली होती.

ही जोड आजही मिळते ती ‘सीटॅन’ नावाच्या साठ्यात. ठिकठिकाणी विखुरलेले टेकचे साहित्य एका रचनेत लावण्याचे काम १९९२ साली सुरू झाले. अशा साठ्याला एकच घर असले, तर निधी आटताच किंवा सांभाळणारा निवृत्त होताच सारे संपते. म्हणून ‘मिरर’, म्हणजे आरसे. अनेक देशांतील विद्यापीठे आपल्या संगणकावर जागा देऊन मूळ साठ्याची हुबेहूब प्रत ठेवतात आणि मागणाऱ्याला जवळच्या आरशाकडे वळवले जाते. रोज सारे नव्याने वाहून न्यावे लागत नाही. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला ‘आरसिंक’ हा प्रोग्राम बदललेला भाग तेवढाच नेतो. कोणता आरसा दोन दिवस मागे पडला, कोणता मुकाट बंद झाला, यावर कोणीतरी सतत नजर ठेवून असते, बहुधा बिनपगारी. वेदीवरची फुले कोण बदलते हे तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

हे आपल्याला नवे नाही. १९१७ च्या कॅनन लॉने स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदवह्यांची प्रत दरवर्षी महागुरूंच्या कार्यालयात पाठवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले होते. ख्रिस्तपुराण तर १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले. त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हाताने नकला करणाऱ्यांमुळे तो ग्रंथ तरला आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला.

पण आरशाची एक खोड अभियंत्याने मला समजावली. समोरची वस्तू हलली की आरसाही रिकामा होतो. मूळ साठ्यातून जुनी आवृत्ती काढली, की आरशांतूनही ती लवकरच नाहीशी होते; आणि सीटॅनमध्ये सामान्यतः चालू आवृत्तीच असते. फादरांची गाणी तर १९९४ पूर्वीच्या ‘लाटेक’साठी लिहिलेली, त्यांनी स्वतः रचलेल्या आज्ञा नव्या आवृत्तीला उमगेनात. तेव्हा जुन्याचे कोठार हे निराळे काम आहे, त्याला निराळी माणसे लागतात. डेबियन प्रणालीचे लोक आपल्या १९९६ पासूनच्या आवृत्त्या वेगळ्या संग्रहात जपतात. पर्ल भाषेच्या साठ्यातून लेखकांनी स्वतः काढून टाकलेले प्रोग्रामही ‘बॅकपॅन’मध्ये सापडतात. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या गणित विभागाने टेकचे जुने संच राखले आहेत. तेथून आम्ही फादरांच्या काळाला जवळची आवृत्ती उतरवून घेतली आणि जुन्या संगणकाचा आभास निर्माण करणाऱ्या प्रोग्रामवर ती चालवली. तिसऱ्या रात्री पहिले पान नागरीत उमटले. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

जुन्या आवृत्तीत दोष असतात, सुरक्षेच्या फटी असतात. ती रोजच्या वापरास देऊ नये, हे मान्य. मग ठेवावी कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या गुरुदीक्षेनंतर फादरांनी याच पाच फ्लॉपींची दुसरी प्रत माझ्या हाती ठेवली होती. "तुझ्याकडेही असू दे," एवढेच म्हणाले होते. २००६ साली माझी बदली झाली. फ्लॉपी वाचणारे यंत्र तेव्हा माझ्या टेबलावरून गेले होते. सामान आवरताना मी ती पिशवी रद्दीत टाकली. त्यांनी पुढे कधी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

पेटीतील तिसरी फ्लॉपी बुरशीने खाल्ली आहे. अभियंत्याने तीन निरनिराळी यंत्रे लावून पाहिली, एक ओळही निघाली नाही. वहीतील अनुक्रमणिकेप्रमाणे तिच्यावर हळदीची गाणी होती, एकूण एकवीस.