भिंतीवरची धमकी आणि टाचण्यांच्या गावातील शाळा

हॅरी पॉटर हे नाव आता आपल्या वस्त्यांतही नवे राहिलेले नाही. मुले टी.व्ही.वर ते चित्रपट पाहतात, आणि मोठी माणसे जादूटोण्याचा पोरखेळ म्हणून उठून जातात. जादू ही गोष्टीपुरतीच, हे मुलांना जरूर सांगावे. पण या मालिकेतील दुसरा चित्रपट लागला असेल तर आईबापांनीही थोडे बसावे. ‘हॅरी पॉटर अँड द चेंबर ऑफ सीक्रेट्स’ हा तो चित्रपट. जे. के. रोलिंग या लेखिकेच्या १९९८ सालच्या कादंबरीवरून ख्रिस कोलंबस यांनी तो काढला आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये तो पडद्यावर आला.

जादू शिकवणाऱ्या निवासी शाळेतले हॅरीचे हे दुसरे वर्ष. एके रात्री शाळेच्या लांब दगडी व्हरांड्यात पाणी साचलेले असते आणि भिंतीवर रक्ताने लिहिलेली धमकी दिसते. गुप्त दालन उघडले आहे, वारसाच्या शत्रूंनी सावध राहावे, अशा अर्थाची. शाळेच्या चार संस्थापकांपैकी एकाचे म्हणणे होते की, विद्या फक्त शुद्ध रक्ताच्या जादूगार घराण्यांतील मुलांनाच द्यावी. बाकीच्यांनी ते मानले नाही. तेव्हा तो शाळा सोडून गेला, पण जाण्यापूर्वी एक गुप्त दालन बांधून त्यात महाभयंकर साप ठेवून गेला. साध्या घरातून आलेल्या मुलांना शाळेतून नाहीसे करण्याची ही व्यवस्था! हॅरीची मैत्रीण हर्मायनी वर्गात सर्वांत हुशार, परंतु तिचे आईवडील दातांचे डॉक्टर, म्हणजे जादूगार नव्हेत. म्हणून एक श्रीमंत घरचा मुलगा तिला सर्वांदेखत घाणेरड्या रक्ताची म्हणून शिवी देतो. ही शिवी काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तो व्हरांडा मात्र खोटा नाही. इंग्लंडच्या पश्चिम भागात सेव्हर्न नदीकाठी ग्लॉस्टर नावाचे शहर आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून रेल्वेने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते. तेथील कॅथेड्रलला, म्हणजे मोठ्या चर्चला, लागून चौरस अंगण आहे आणि अंगणाच्या चारही बाजूंनी छत घातलेला दगडी व्हरांडा आहे. हीच हॅरीची शाळा. वर पाहिले तर प्रत्येक खांबातून दगडी फासळ्या पंख्यासारख्या उलगडत छतभर पसरलेल्या दिसतात. चौदाव्या शतकातले हे काम आहे. या पद्धतीचे इतके जुने छत इंग्लंडमध्ये दुसरीकडे शिल्लक नाही, असे जाणकार सांगतात. चित्रीकरणाच्या वेळी दिव्यांची बटणे, कुलपे अशा आजच्या वस्तू तेवढ्या झाकून टाकल्या. जादूच्या गोष्टीला देवाचे घर दिले म्हणून काही भाविकांनी त्या वेळी नाराजीही व्यक्त केली होती. आज मुले घेऊन येणारी कुटुंबे त्याच व्हरांड्यासाठी येतात.

पण ही जागा मुळात होती कशासाठी? सोळाव्या शतकापर्यंत येथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता. व्हरांड्याच्या दक्षिण बाजूला भिंतीत ओळीने वीस छोटे कोनाडे आहेत, एका माणसाला बसता येईल एवढेच, प्रत्येकाला खिडकी. साधू तेथे उजेडाला बसून वाचन करीत. उत्तर बाजूला हात धुण्यासाठी लांबलचक दगडी पन्हळ आहे आणि समोर पंचे ठेवायचा कोनाडासुद्धा आहे. जेवणाआधी सर्वांनी हात धुवायचे, हा नियम. म्हणजे विद्येची सोय उत्तम होती, परंतु ती मठाच्या भिंतींच्या आत. १५४० साली राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि पुढच्या वर्षी त्या चर्चचे कॅथेड्रल झाले.

बहुतेक प्रवासी येथे फोटो काढून परततात. त्यांनी आणखी थोडे चालावे. शहराचे चार मुख्य रस्ते जेथे मिळतात तेथून साउथगेट स्ट्रीटला लागले की लाकडी चौकटींचे एक जुने घर दिसते. हे रॉबर्ट रेक्सचे घर. वडिलांनी काढलेले ‘ग्लॉस्टर जर्नल’ हे वर्तमानपत्र तो चालवीत असे.

त्या काळी ग्लॉस्टर हे टाचण्यांचे गाव होते. अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली लिहून ठेवले की, एक टाचणी तयार व्हायला सुमारे अठरा वेगवेगळी कामे लागतात. कामे वाटून घेतल्याने उत्पादन किती वाढते, हे त्याला दाखवायचे होते. त्यातली कामे करणारे हात पुष्कळदा लहान मुलांचे असत, ते वेगळे. आठवड्याचे सहा दिवस काम. सातव्या दिवशी ही पोरे रस्त्यावर दंगा करीत, आणि ते सभ्य लोकांच्या डोळ्यांत खुपे. १७८० साली रेक्सने थॉमस स्टॉक या धर्मगुरूच्या साहाय्याने त्यांच्यासाठी रविवारची शाळा सुरू केली. पहिला वर्ग भरला तो सूटी ॲलीमध्ये, म्हणजे काजळीच्या बोळात. धुराडी साफ करणारे लोक तेथे राहत, म्हणून हे नाव.

प्रवेशाची अट काय होती? घराणे नाही, फी नाही, नवे कपडेसुद्धा नाहीत. हात-तोंड धुतलेले असावे आणि केस विंचरलेले असावेत, बस्स! शिकवायचे वाचन, आणि तेही बायबलच्या आधारे. रेक्स काही क्रांतिकारक नव्हता. पोरांना वळण लागावे, रस्ते शांत राहावेत, हा हेतू त्यात होताच. पण एकदा अक्षर ओळखता आले की माणूस पुढे काय वाचेल यावर कोणाचा ताबा राहत नाही. वरच्या वर्गातील मंडळींना हे बरोबर कळले होते. गरीब शिकले तर आपापल्या जागी राहणार नाहीत, अशी त्यांची ओरड होती. रेक्सने १७८३ साली आपल्या पत्रात या शाळांची माहिती छापली आणि पाहता पाहता अशा शाळा देशभर निघू लागल्या. हर्मायनीच्या शाळेतील भिंतीवरची धमकी आणि या मंडळींची ओरड यांत मला तरी फरक वाटत नाही. सापाची तेवढी भर लेखिकेने घातली.

रेक्स १८११ साली वारला. साउथगेट स्ट्रीटवरच्याच सेंट मेरी डी क्रिप्ट या चर्चमध्ये त्याला पुरले आहे. शाळेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १८८० मध्ये, लंडनला थेम्स नदीच्या काठी त्याचा पुतळा उभारला. तसाच दुसरा १९३० साली ग्लॉस्टरच्या उद्यानात बसवला. कॅथेड्रलपासून तेथपर्यंत सहज चालत जाता येते. कॅथेड्रल पाहायला तिकीट नाही, देणगी ऐच्छिक आहे. सकाळच्या गाडीने गेले तर व्हरांडा, रेक्सचे घर, चर्च आणि उद्यान पाहून माणूस रात्रीपर्यंत लंडनला परत येतो.