कपाटातील प्रबंध

काळ्या किंवा तांबड्या रेक्झिनची बांधणी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत उमटवलेले शीर्षक आणि खाली संशोधकाचे नाव, पीएच.डी.चा प्रबंध दिसायला मोठा राजबिंडा असतो. त्यामागे चार-पाच वर्षांचे, कधी त्याहून अधिक काळाचे कष्ट असतात. कोणी जात्यावरच्या ओव्या गोळा करीत खेडोपाडी हिंडलेले असते; कोणी एखाद्या बोलीतील शब्द वृद्धांच्या तोंडून टिपून घेतलेले असतात. टंकलेखकाकडे फेऱ्या होतात, मौखिक परीक्षा पार पडते, पेढे वाटले जातात. नंतर तो प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एका कपाटात जाऊन बसतो.

एकेकाळी ते कपाट उघडून घेणे हेच एक छोटेसे संशोधन होते. अर्ज करावा लागे, प्राध्यापकांची शिफारस जोडावी लागे, आणि हे सारे जमले तरी प्रत ग्रंथालयाबाहेर नेता येत नसे. टिपणे हातानेच उतरवून घ्यायची. कोल्हापुरातील प्रबंध नागपूरच्या अभ्यासकाला पाहायचा असेल, तर रेल्वेचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च त्याच्या माथी. दोन विद्यापीठांत दोघे जण एकाच विषयावर वर्षानुवर्षे खपत आहेत आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, हेही सहज घडू शके. याचा दोष ग्रंथपालाला देणे अन्यायाचे होईल. त्याच्या हाती एकच प्रत. ती गहाळ झाली की विषय संपला. जपणूक आणि वापर यांचे हे भांडण ग्रंथालयांइतकेच जुने आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपले पाच सिद्धांत मांडले, तेव्हा ग्रंथांच्या वापराला त्यांनी पहिले स्थान दिले होते. प्रबंधांच्या कपाटापर्यंत तो विचार पोहोचायला बराच काळ जावा लागला.

२००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.संबंधी जी नियमावली केली, तिच्यात प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक ठरले. या प्रती ठेवण्यासाठी ‘शोधगंगा’ नावाचे भांडार उभे राहिले. ते सांभाळणारी इन्फ्लिबनेट ही संस्था आज गांधीनगरला आहे. मात्र १९९१ मध्ये तिचा आरंभ पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञानाच्या केंद्रातील एक प्रकल्प म्हणून झाला. नावाविषयी एक गंमत आहे. हिंदीत ‘शोध’ म्हणजे संशोधन. मराठी माणसाला मात्र ‘शोध’ म्हटले की हरवलेली वस्तू हुडकणे आधी आठवते. या भांडाराला दोन्ही अर्थ शोभतात.

शोधगंगेवर आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते वाचण्यासाठी पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही. शीर्षकपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रकरणे, संदर्भसूची अशा स्वतंत्र फायली असतात. हवे तेवढेच प्रकरण मोबाइलवर उतरवून घेता येते. प्रत्येक प्रबंधाला एक कायमचा क्रमांक मिळतो. घर बदलले तरी पत्ता बदलू नये, तशी ही सोय आहे. भांडार ज्या ‘डीस्पेस’ प्रणालीवर चालते, तीही खुली आहे.

आरंभी अनेकांना चोरीची धास्ती वाटत होती. सर्वांना दिसणारा मजकूर कोणीही उचलील, ही शंका अगदीच अनाठायी नव्हे. परंतु चोरी कपाटबंद प्रबंधांचीही होतच असे; ती उघडकीला येत नसे, एवढेच. मूळ मजकूर सर्वांसमोर असला की नक्कल पकडणेही सोपे जाते.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मराठी वाचकाला अधिक जाचते. संगणक अक्षर ओळखतो तो त्याला दिलेल्या क्रमांकावरून. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या फाँटमध्ये तशी सोय नव्हती. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. अशा फाँटमधील प्रबंध डोळ्यांना मराठी दिसतो, संगणकाला मात्र तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग वाटतो. कित्येक प्रबंध तर छापील पानांची छायाचित्रे आहेत. त्यांत ‘ओवी’ हा शब्द शंभर वेळा आला असला, तरी शोधणाऱ्याला एकदाही सापडत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणारी साधने आता आहेत; पण शिरोरेषा आणि जोडाक्षरे यांपुढे तीही अडखळतात. काही नोंदींत मराठी शीर्षके रोमन लिपीत आहेत आणि त्यांचे स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे. मराठी विश्वकोश महाजालावर युनिकोडमध्ये आल्याने केवढी सोय झाली, हे ज्याने त्यात एखादा शब्द शोधला आहे त्याला सांगायला नको. प्रबंधांच्या बाबतीत ते काम बरेच उरले आहे.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून जवळपास १३,००० नियतकालिके ६,३०० च्या आसपास सरकारी संस्थांना वाचायला मिळावीत, अशी ही योजना आहे. आडगावच्या सरकारी महाविद्यालयाला तिचे मोल मोठे. पण जो कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नाही, त्याच्यासाठी ते दार बंदच राहते. शोधगंगेवर मात्र आत येणाऱ्याला तो कोण, हे विचारले जात नाही.

ओव्यांवरील प्रबंधाच्या शेवटी बहुधा एक परिशिष्ट असते. ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावे, वये आणि गावे तेथे दिलेली असतात. त्यांतील कितीजणींनी विद्यापीठाचा उंबरठा कधी ओलांडलेला नसतो. त्यांच्यापैकी एखादीची नात आपल्या आजीचे नाव मोबाइलवर लिहून शोधू पाहील. पानाचे नुसते छायाचित्र असेल, तर ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर येईल आणि ती मोबाइल बाजूला ठेवील. आजीचे नाव त्या पानावर असेलच.