वज्रलेप आणि मोटारीचा बंपर

एखादी वस्तु मोडली म्हणजे ती जोडण्यास सर्वांत चांगला डिंक कोणता, असा प्रश्न घरोघर विचारला जातो. आम्हीही जन्मभर तो असाच विचारीत आलों. परंतु तो प्रश्न मुळांतच अपुरा आहे, हें आम्हांस उतारवयांत एका मोटारीच्या बंपरानें शिकविलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. तिच्यांत आमची फजिती जितकी आहे तितकीच कांहीं उपयुक्त माहितीही आहे. आणि शेवटचा प्रसंग तर असा आहे कीं, तो आठवला म्हणजे अजूनही आमच्या अंगावर कांटा उभा राहतो.

आमच्या एकत्र कुटुंबांत सर्वांची मिळून एक मोटार आहे. धाकट्या नातवास गाडी चालविण्याचा परवाना मिळाला, तेव्हांपासून त्यास तिला सजविण्याचा नाद लागला. पुढच्या बंपरांत धुक्याच्या दिव्यांसाठीं दोन खोबणी कारखान्यानेंच ठेविल्या होत्या. दिवे मात्र महाग नमुन्यासच दिलेले. नातवानें दिवे आणिले, त्यांभोंवतीं बसविण्यास प्लॅस्टिकचीं दोन वलयें मिळविलीं, आणि वलय व बंपर यांमधील फट कशानें भरावी, हें विचारावयास तो आमच्याकडे आला. "मला ठाऊक नाहीं," असें म्हणणें आम्हांस जड गेलें. जन्म वर्गांत उभें राहण्यांत गेला म्हणजे ही खोड जडते. आम्हीं ठोकून दिलें, "अरे, पत्र्याचे पोचे ज्या लांबीनें भरतात तीच भर. पत्र्यास धरते ती प्लॅस्टिकास कां न धरील?"

त्यानें तसेंच केलें. वलयें झटपट चिकटणाऱ्या डिंकानें बसविलीं, वर लांबी भरली, ती घासली आणि रंग दिला. काम इतकें सुबक झालें कीं, शेजाऱ्यांनीं येऊन पाहिलें. आठ दिवसांनीं सर्व मंडळी कुलदैवतास निघालों. गांवाबाहेरच्या दुसऱ्याच गतिरोधकावर गाडीस हिसका बसला, आणि लांबीचा अख्खा थर, ताटांतून वडी सुटावी तसा सुटून रस्त्यावर पडला. पाठोपाठ एक वलयही गेलें. आमच्या चिरंजीवांनीं मुलास पैशांच्या नासाडीबद्दल चांगलेंच सुनावलें. सल्ला आजोबांचा होता, हें नातवानें सांगितलें नाहीं. आणि लाज वाटते, पण त्या वेळीं आम्हींही सांगितलें नाहीं.

तें मौन आम्हांस बोंचूं लागलें, म्हणून आम्हीं या विषयाचा अभ्यास आरंभिला. संस्कृताच्या संवयीनें हात प्रथम वराहमिहिराच्या बृहत्संहितेकडे गेला. सहाव्या शतकांतील या ग्रंथांत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, वेखंड इत्यादि द्रव्यें पाण्यांत टाकून अष्टमांश उरेपर्यंत आटवावीं. मग त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ वगैरे घालावीं, असा तो विधि आहे. हा लेप कोटि वर्षें टिकतो अशीही ग्वाही आहे! परंतु आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. तो तापवून देवालय, घर, मूर्ति, भिंत, विहीर यांस लावावा, असें ग्रंथकार तेथेंच सांगतो. लेप सांगतांना तो कशास लावावयाचा हें त्यानें सोडलें नाहीं. आम्हीं नेमकें तेंच सोडलें होतें.

मग नातवास घेऊन आम्ही बंपराच्या आंतल्या बाजूकडे वळलों. मोटारीच्या प्लॅस्टिकच्या भागांवर आंतून द्रव्याचीं अक्षरें बहुधा उमटविलेलीं असतात. आमच्या बंपरावर पीपी, ईपीडीएम आणि टीडी२० अशीं अक्षरें निघालीं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यांत मिसळलेलें एक रबर, आणि शंभरांत वीस भाग शंखजिऱ्याची पूड. वलयावर एबीएस असें होतें. दोहोंचा काळा रंग सारखा, पण स्वभाव अगदीं भिन्न.

"पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतें, एबीएस बुडतें," असें आमच्या वाचनांत आलें होतें. आम्हीं ऐटीनें बादली मागविली. बंपराचा एक तुटका कपचा टाकला, तर तो खुशाल तळाशीं गेला! नातू हंसूं लागला. निव्वळ पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें खरें. पण शंखजिऱ्याच्या भरीनें तें पाण्याहून जड होतें. तेव्हां अक्षरें असतील तर तींच प्रमाण मानावीं. एबीएसची मात्र एक खूण सोपी आहे: न दिसणाऱ्या कोपऱ्यास ॲसिटोनचा थेंब लावला कीं तें मऊ व चिकट होतें, पॉलिप्रॉपिलीनवर त्याचा कांहींच परिणाम होत नाहीं. म्हणूनच एबीएसचे दोन तुकडे त्याच जातीच्या ॲसिटोनमध्यें विरघळविलेल्या चुऱ्यानें एकजीव सांधतां येतात. बंपरास तो उपाय व्यर्थ.

आमची लांबी कां सुटली, हेंही आतां उमगलें. सुटलेल्या थराची आंतली बाजू स्वच्छ व गुळगुळीत होती. म्हणजे लांबी फुटली नव्हती, ती मुळीं धरलीच नव्हती. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग अळवाच्या पानासारखा असतो. पाणी जसें त्यावर पसरत नाहीं तसा बहुतेक डिंकही पसरत नाहीं, आणि जो पसरला नाहीं तो धरणार कसा? शिवाय पत्र्याची लांबी वाळल्यावर दगडासारखी कठीण होते आणि बंपर तर लवण्यासाठींच केलेला. लवणाऱ्यावर न लवणारें बसविलें कीं पहिल्या हिसक्यास ताटातूट ठरलेलीच. झटपट डिंकाचेंही तसेंच. १९४२ साली अमेरिकेंत हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असतां हें द्रव्य प्रथम त्यांच्या हातीं लागलें, आणि १९५८ पासून तें बाजारांत आलें. लहान, घट्ट बसणाऱ्या सांध्यास तें नामी आहे. पण तें ठिसूळ, आणि पॉलिप्रॉपिलीनवर विशेष अस्तर लावल्यावांचून तें धरीत नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्हीं क्रम पाळला. प्रथम साबणाच्या पाण्यानें धुणें, मग तेलकटपणा काढणारें द्रव्य, आणि त्यानंतर घासकागद. घासणें आधीं केलें तर मेण व तेल ओरखड्यांत दडून बसतें. मग पॉलिप्रॉपिलीनसाठीं मिळणारें चिकटपणा वाढविणारें पारदर्शक अस्तर. त्यावर जोडनळीचा, दोन द्रव्यें मिसळून तयार होणारा पॉलियुरेथेनचा डिंक. तो वाळल्यावरही लवतो. वलयास आंतून दोन बारीक स्क्रूही दिले. केवळ डिंकाच्या भरंवशावर वजन ठेवूं नये. फट भरण्यास प्लॅस्टिकच्या बंपरासाठींच असलेली लवचीक लांबी, तीही पातळ थरांनीं. काम उघड्यावर, तोंडास योग्य मुखवटा बांधून केलें, कारण या द्रव्यांच्या वाफा छातीस वाईट. बंपर नुसता तडकला असता, तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी तापवून तो सांधणेंही उत्तम. आज त्या कामावरून दोन पावसाळे गेले. वलयें जागच्या जागीं आहेत.

या यशानें आम्हां दोघांसही बळ चढलें. नातवानें नवा बेत काढला: चालकाच्या डावीकडे, समोरच्या फळीवर, लहान घड्याळांसाठीं एक कोनाडा घडवून तो कायमचा चिकटवून टाकावयाचा. द्रव्य कोणतें, डिंक कोणता, सर्व यादी तयार झाली. आम्ही फडक्यानें ती फळी पुसूं लागलों, तों बोटांस उठावाचीं तीन अक्षरें लागलीं: एसआरएस. खालीं हवेची पिशवी होती. अपघातांत डोळ्याची पापणी लवण्याच्या आंत ती फळी आंतून मुद्दाम दुर्बळ ठेविलेल्या रेषेवर फुटते व पिशवी बाहेर येते. त्या रेषेवर लांबी भरणें म्हणजे दार बाहेरून बांधून टाकणें. आणि वर चिकटविलेली वस्तु त्या वेगानें समोर बसलेल्याच्या तोंडावर यावयाची. त्या आसनावर नेहमीं बसते नातवाची आजी.

आम्ही बराच वेळ कांहींच बोललों नाहीं. मग नातू हळूच म्हणाला, "आजोबा, इथें कोणता डिंक?" आम्हीं म्हटलें, "इथें कोणताच नाहीं, बाळ." त्यानें यादी फाडून टाकली.

त्याच रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं चिरंजीवांस, पहिला सल्ला आमचा होता, हें सांगून टाकलें. ते म्हणाले, "बाबा, मला तेव्हांच कळलें होतें." आणि त्यांनीं मुलाच्या पाठीवरून हात फिरविला.

तात्पर्य, डिंकाची जात विचारण्यापूर्वीं वस्तूची जात विचारावी. ती लवते कीं नाहीं, तें पाहावें. पृष्ठभाग स्वच्छ करावा. आणि कोठें मुळींच हात लावूं नये, हें सर्वांआधीं शोधावें. ठाऊक नसेल तर तसें म्हणावें. हा शेवटचा धडा आम्ही दुसऱ्यांस पुष्कळ वर्षें शिकविला. स्वतः मात्र आतां शिकलों.