इंदिरानगरची दिवाळी आणि पाव इंचाचे पट्टे

नाशिक म्हटलं की कुणाला रामकुंड आठवतं, कुणाला पंचवटी, तर कुणाला चिवडा. मला मात्र आठवतं ते ताईचं इंदिरानगरातलं घर. पुण्याहून सकाळची एसटी धरायची, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत दुपारी द्वारकेला उतरायचं आणि रिक्षावाल्याशी दोन-पाच रुपयांवरून हुज्जत घालून इंदिरानगर गाठायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिच्या दिवाळीच्या फराळाला मी चार दिवस आधी जाते आणि पाडव्याच्या आत माझ्या घरी परतते.

इंदिरानगर काही पाहण्यासारखं ठिकाण म्हणून प्रसिद्ध नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूला पसरलेली ही नोकरदारांची वस्ती. रथचक्र चौकातली भाजी, दारापुढे तुळस नि जास्वंद असलेली जुनी रो-हाऊसेस, त्यांच्या डोक्यावरून डोकावणाऱ्या नव्या इमारती, आणि पहाटेपासून बायाबापड्यांनी फुलून जाणारा जॉगिंग ट्रॅक. संसाराची सारी पथ्यं-पाणी, सुनांची कौतुकं आणि गाऱ्हाणी त्या ट्रॅकवर चालता चालता ऐकावीत! ताईच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तिथे छिन्नी-हातोडीने चोवीस लेणी कोरली, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की तो डोंगर अगदी घरच्यासारखा वाटतो.

या वस्तीत आकाशातून एकदम गडगडाट झाला तरी कुणी दचकत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरवर ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. १९६४ साली तो उभा राहिला आणि नाशिकच्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटली. आमचे भावोजी त्यांतलेच एक. विमानांना रंग देण्याच्या विभागात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढली. आधी मिग-२१, मग मिग-२७, शेवटी सुखोई. ताई चेष्टेने म्हणायची, "माझ्या स्वयंपाकघराला रंग द्यायला मात्र यांना कधी सवड झाली नाही!"

पण मैत्रिणींनो, या खेपेला ताईच्या तोंडी चेष्टा नव्हती. दोन वर्षांपूर्वी भावोजींना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हातात कंप राहिला. तेव्हापासून हा उमदा माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतो तो बसतोच. सप्टेंबरच्या २६ तारखेला चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. १९६३ साली जिथे त्यांची पहिली तुकडी उभी राहिली तिथेच २०२५ साली त्यांची सेवा संपली. तो सोहळा भावोजींनी टीव्हीवर पाहिला, उठले आणि न जेवता झोपले. "काही बोलले असते तर बरं वाटलं असतं गं," ताई मला म्हणाली.

मी पोचले तेव्हा जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी वर्तमानपत्रं पसरलेली. त्यांवर रंगाच्या बाटल्या, बारीक ब्रश, काचेचा तुकडा आणि तळहाताएवढं प्लॅस्टिकचं विमान! ताईचा बारा वर्षांचा नातू त्यावर वाकलेला.

"मावशीआजी, हात लावू नकोस, ओलं आहे!" हे आमचं स्वागत.

विमान होतं स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचं नाव राखणारं आणि पुढे १९४७-४८ साली काश्मीरच्या लढाईत आपल्याही हवाईदलाने वापरलेलं. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं हे मॉडेल, सुटे भाग चिकटवून करायचं. पंखांवर आणि शेपटीकडच्या अंगावर पांढरे-काळे पट्टे रंगवायचे होते. ते पट्टे म्हणजे नुसती शोभा असेल असं मला वाटलं. तेव्हा त्या चिरंजीवांनी मला शिकवणीच दिली.

१९४३ च्या जुलैत सिसिली बेटावर दोस्तराष्ट्रांचे सैनिक विमानांतून उतरवले जात होते. रात्रीच्या अंधारात त्यांच्याच जहाजांवरच्या तोफांना ती विमानं शत्रूची वाटली आणि स्वतःचीच वीसहून जास्त विमानं त्यांनी पाडली! आपल्या माणसाला आपण ओळखलं नाही, यापरतं दुर्दैव कोणतं? म्हणून पुढच्या वर्षी, १९४४ च्या ६ जूनला फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरायच्या वेळी, दोस्तांच्या बहुतेक विमानांवर ओळखीचे पट्टे रंगवायचा हुकूम सुटला. तीन पांढरे नि मधे दोन काळे. बेत फुटू नये म्हणून हे काम अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत उरकलं. तळावरच्या लोकांनी हातात सापडेल तो ब्रश घेऊन रात्रंदिवस हजारो विमानं रंगवली. महिन्याभरातच वरच्या बाजूचे पट्टे पुसायची वेळ आली, कारण फ्रान्समध्ये जमिनीवर उभी असलेली विमानं त्या पट्ट्यांमुळे शत्रूला आकाशातून दिसायची.

"एका इंजिनाच्या विमानावर एकेक पट्टा अठरा इंचांचा," तो म्हणाला. "मग माझ्या विमानावर किती?"

मी बोटं मोडत होते. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "अठरा भागिले बहात्तर. पाव इंच. पाच पट्ट्यांचे नव्वद, म्हणजे सव्वा इंच."

आम्ही तिघंही चमकून वळलो. पण भावोजी पुन्हा बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी पट्टे काढायची वेळ आली. आधी सगळा भाग पांढरा रंगवून वाळवायचा, जिथे पांढरं ठेवायचं तिथे कागदी चिकटपट्टी लावायची आणि उघड्या जागी काळा रंग द्यायचा. चिकटपट्टी काढली की खाली पांढरं शाबूत. आपण बाटिक करताना कापडावर मेण लावून रंग अडवतो, तीच ही युक्ती. या पिवळट चिकटपट्टीचा जन्मही मोठा गमतीचा. १९२० नंतर अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची टूम निघाली. कारागीर वर्तमानपत्रं डिंकाने चिकटवत आणि कागद काढताना रंगही सोलून निघे. त्यांची तारांबळ पाहून रिचर्ड ड्र्यू नावाच्या एका तरुण कर्मचाऱ्याने १९२५ साली हलक्या हाताने निघणारी चिकटपट्टी तयार केली.

नातवाने आजोबांना हाक मारली, "आजोबा, तुम्ही लावून द्या ना." भावोजी आले. चिमट्यात पाव इंचाची पट्टी धरली. हात थरथरला, पट्टी वाकडी बसली. पुन्हा उचलली, पुन्हा वाकडी. तिसऱ्या वेळी पोर म्हणालं, "असू द्या आजोबा, मीच करतो."

त्याच्या मनात काही नव्हतं हो! पण भावोजींनी चिमटा अलगद टेबलावर ठेवला आणि ते उठून आतल्या खोलीत गेले.

आणि झालं काय, पोराचंही साधलं नाही. चिकटपट्टीच्या कडेखालून काळा रंग पाझरला, आणि ती सरळ वर ओढली तशी नखाएवढा पांढरा रंगही घेऊन आली. तो रडवेला झाला. रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस. सकाळीच टीव्हीवर बातमी, ओझरला तयार झालेल्या तेजस मार्क-१ए या पहिल्या विमानाने त्या दिवशी संरक्षणमंत्र्यांच्या समोर आकाशात झेप घेतली. भावोजी पडद्यावर नजर लावून होते. आम्ही दोघी शेजारी परात घेऊन करंज्या करत होतो. ताईने पारी लाटली, सारण भरलं, कडेला दुधाचं बोट फिरवलं, दाबली, कातण्याने कड कापली. मी घाईघाईने एक तशीच मिटली तर ती ओरडली, "अगं, कडेला दूध लाव! फट राहिली की सारण तेलात."

आणि ती एकदम थांबली. पिठाच्या हातानेच टेबलाशी गेली. विमान उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"अहो," तिने भावोजींना हाक मारली, "ही पट्टी लावल्यावर कडेची फट आधी पांढऱ्यानेच बुजवली तर? बाहेर पाझरायचं ते पांढरंच पाझरेल. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला कळणार? मग वरून काळा."

भावोजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पेंटरची जुनी युक्ती आहे ती. मी विसरलो कसा?" आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

तिथून पुढचे दोन दिवस आमच्या घरात कारखानाच चालू होता म्हणा ना! भावोजी सांगत, नातू करी, ताई अधूनमधून नाक खुपसे. विमान आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं, कारण बोटांचं तेल लागलं की रंग धरत नाही. पांढऱ्याचे पातळ तीन हात, जाड एक नव्हे, आणि पुरा एक दिवस वाळवण. चिकटपट्टीची मूळ कड धूळ लागून खराब झालेली असते, म्हणून काचेवर चिकटवून पट्टीच्या आधाराने नवी कड कापून घ्यायची. लावण्याआधी दोनदा तळहातावर चिकटवून काढायची, म्हणजे तिचा जोर कमी होतो. लावल्यावर दातकोरणीने कड दाबायची. कडेला पांढऱ्याचा हलका हात, वाळला की काळा. आणि काढताना वर ओढायची नाही, पाठीवर उलटी दुमडून सावकाश सोलायची. घरात मुलंबाळं असतील तर पाण्यात मिसळणारे रंग घ्यावेत, थिनरचा वास बंद खोलीत बरा नव्हे.

काचेवर पट्ट्या कापायचं काम भावोजींनी स्वतःकडे घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचं आणि पोलादी पट्टीला सुरी टेकवून ओढायची. हात थरथरे, पण पोलादी पट्टी थरथरत नव्हती. दहांतल्या चार पट्ट्या फुकट जात. पोरगं मुकाट्याने नवी पट्टी काचेवर लावून देई. "मीच करतो" हे शब्द त्याने पुन्हा उच्चारले नाहीत.

काम करता करता त्यांची जीभही सुटली. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास आपली मिग विमानं चांदीसारखी चकचकीत होती, मग घाईघाईने त्यांच्यावर हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले, एकासारखं दुसरं नाही, ही त्यांनी आपल्या वरिष्ठांकडून ऐकलेली गोष्ट. याच मिगनी १४ डिसेंबरला ढाक्याच्या राजभवनावर हल्ला चढवला आणि तिथल्या गव्हर्नरने राजीनामा दिला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तर आपल्या बाजूच्या विमानांच्या गोलातला लाल ठिपकाच काढून टाकला होता, कारण जपानी विमानांची खूण लाल सूर्याची. चाळीस वर्षांच्या संसारात ताईनेही यातलं निम्मंअधिक ऐकलं नव्हतं!

रात्री स्वयंपाकघर आवरताना ती मला म्हणाली, "दोन वर्षं मी यांच्या सदऱ्याची बटणं लावतेय. चहाचा कप अर्धाच भरते, सांडेल म्हणून. मला वाटायचं मी सेवा करतेय. आज पाहिलं, दहांतल्या सहा पट्ट्या त्यांनी नीट कापल्या. मी त्यांना फुकट घालवायला चार पट्ट्या कधी दिल्याच नाहीत बघ."

मी काय बोलणार? माझ्याही घरी सासूबाई आहेत, आणि त्यांच्या हातून शेंगांची टोपली मी कितीदा ओढून घेतली आहे, "राहू द्या, तुम्हाला वेळ लागेल" म्हणून.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी शेवटची पट्टी निघाली. पंखांवरचे पट्टे सुरेख आले होते. शेपटीकडचा एक काळा मात्र तिरका. ती पट्टी भावोजींनी स्वतःच्या हाताने लावली होती. ते चष्मा पुसत म्हणाले, "हा पुन्हा करू या. पांढरा मारून घे."

पोराने विमान खिडकीशी नेलं, उजेडात फिरवून पाहिलं. "नको आजोबा. खऱ्या विमानांवर पण घाईत ब्रशने मारलेले वाकडेच पट्टे होते. हाच सगळ्यात खरा आहे."

ताई काही न बोलता आत गेली. दिवे लावायची वेळ झालीच होती. येताना तिने भावोजींसाठी चहा आणला. कप काठोकाठ भरलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. थोडा बशीत सांडला. कुणी पुसायला उठलं नाही.

निघताना नेहमीप्रमाणे डब्यात करंज्या मिळाल्या. विमान आता त्यांच्या कपाटात, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळाशेजारी उभं आहे. पुढचं मिग-२१ करायचं ठरलं आहे. ते चांदीच्या रंगाचं की हिरव्या-तपकिरी, यावर मी रिक्षात बसेपर्यंत आजोबा-नातवाचा वाद चालू होता. रिक्षा वळली तरी भावोजींचा आवाज मला ऐकू येत होता.

पुण्याला पोचल्यावर मी हातपाय धुतले आणि सासूबाईंसमोर शेंगांची टोपली ठेवली. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग पदर खोचून शेंगा सोलायला बसल्या. वेळ लागला खरा. पण त्या दिवशी आमची भाजी उशिरा झाली म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.