आधी कृपा

हिमायतनगर

चि. भाच्यास,


विश्वासानंच तारण होत असेल तर माणसानं चांगलं वागायचं कशाला, या तुझ्या मित्राच्या प्रश्नावर तू गप्प बसलास, असं लिहिलंस. प्रश्न जुनाच आहे. रोमकरांना पत्र लिहिताना पौलालाही त्याचं उत्तर द्यावं लागलं होतं. इथं माझ्या शेजारणीही विचारतात. करावं तसं भरावं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरले. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं आणि दुष्काळात आईवडील दोघंही दगावले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं. विद्वत्ता होती, सत्कर्मं होती, चर्चमध्ये नावही होतं. तरी त्यांनी पुढं साक्ष दिली, की धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं जावी लागली. मनावरचं पापाचं ओझं तेव्हा कुठं उतरलं.

पाप म्हणजे चोरी-लबाडी एवढंच असतं तर रमाबाईंना कसलं ओझं होतं? देवाकडं पाठ फिरवून आपलं आपण निभावून नेऊ म्हणणं, पापाचं मूळ तिथं आहे. म्हणून लूकच्या अठराव्या अध्यायातला उपास करणारा परुशी तसाच घरी जातो आणि छाती बडवणारा जकातदार नीतिमान ठरून जातो. त्याच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. दया मागितली, ती मिळाली. किंमत ख्रिस्तानं वधस्तंभावर भरली. आपण ती विश्वासानं घ्यायची.

मग वागणं? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारलं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी तिथं कृपासदन निघालं. हे सगळं तारण विकत घ्यायला केलं नाही, तारण मिळालं म्हणून हातून घडलं. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असं सांगणारं याकोबाचं पत्र मला म्हणूनच कधी अडलं नाही. ज्याला खरोखर क्षमा मिळाली, तो पापात सुखानं राहूच शकत नाही.

मित्राशी वाद घालू नकोस. सुट्टी बघून त्याला केडगावला घेऊन जा. पुण्याहून दौंडच्या गाडीनं जाता येतं. मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे.

तुझी,
मावशी